बाळासाठी कार सीट घेताय? आधी आपल्या गाडीत लावून बघा, मग पैसे द्या

कार सीट बाळ व्हायच्या आधी घ्या, आठवा महिना लागायच्या आतच. कारण ती पहिल्यांदा लागते तीच मुळी हॉस्पिटलमधून घरी येताना, आणि त्या दिवशी डिस्चार्जचे कागद, बिल, औषधं, टाके दुखत असलेली बाळंतीण आणि सोबत आलेली चार माणसं या गडबडीत पार्किंगमध्ये उभं राहून मॅन्युअल वाचायला कोणाला सवड मिळत नाही. काही घरांत बाळाच्या आधी बाळाची वस्तू आणायची नाही अशी पद्धत असते, तिचा मान ठेवायचा असेल तर सीट पसंत करून, गाडीत लावून बघून मग भावाकडे नाहीतर मैत्रिणीकडे ठेवून द्या, पण तयारी झालेली असू द्या. आणि बाळंतविड्यात काय हवंय असं कोणी विचारलं तर बिनधास्त सांगा की सगळे मिळून कार सीट द्या, पंधरा झबली आणि पाच सोन्याचे मणी येतातच, त्यापेक्षा मामा-मावशी-आत्यांनी मिळून ही एक गोष्ट दिली तर ती चार वर्षं रोज कामाला येते.

आता घरातला पहिला प्रश्न. सीट कशाला, मी घेते ना मांडीवर घट्ट धरून, आमची नाही का वाढली मुलं. आजी हे मनापासून म्हणते आणि तिला उलट उत्तर द्यायची गरज नाही, फक्त हिशोब समजावून सांगा. गाडी ५० च्या वेगात असताना कशावर तरी आदळली तर बाळाच्या अंगावर क्षणभर त्याच्या वजनाच्या वीस-तीस पट जोर येतो, म्हणजे ४ किलोचं बाळ ऐंशी ते एकशेवीस किलोंसारखं पुढे खेचलं जातं. एवढं वजन पापणी लवायच्या आत हातात पेलणं पैलवानालाही जमणार नाही, तिथे आजीचं किंवा आईचं काय घेऊन बसलात. काही जण आईच्या बेल्टमध्येच बाळाला घेतात, म्हणजे आई आणि बाळ दोघांवर मिळून एक बेल्ट, ते तर याहून वाईट, कारण मग आईचं सगळं वजन मागून बाळावर येतं आणि बाळ बेल्ट आणि आईच्या मध्ये चेपलं जातं.

घरातलं दुसरं म्हणणं म्हणजे, मुंबईत गाडी पळते कुठे, ट्रॅफिकमध्येच तर असतो. दिवसा सायनला असेल तसं, पण रात्री अकराला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर काय वेग असतो ते सगळ्यांना माहीत आहे, कोस्टल रोडवर ८० ची मर्यादा आहे, अटल सेतूवर १०० ची, आणि ५० म्हणजे तर आपल्या माटुंगा-दादरच्या रिकाम्या रस्त्यावरचा साधा वेग. कायद्याचं म्हणाल तर २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १९४ब कलम आलंय, १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत असेल तर १००० रुपये दंड. २०२२ च्या नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागे बसणाऱ्यांनाही बेल्टची सक्ती जाहीर केली. पण दंडासाठी म्हणून सीट घेऊ नका, दंड वाचवायला घेतलेली सीट आठवड्याभरात डिकीत जाते.

बाळाचं तोंड मागच्या बाजूला असणं, म्हणजे रिअर फेसिंग, हा या सगळ्यातला सर्वात महत्त्वाचा भाग आहे. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानाने फार जड असतं, जवळजवळ वजनाचा चौथा हिस्सा, मोठ्या माणसात ते सहा-सात टक्क्यांच्या आसपास असतं. मानेचे मणकेही पूर्ण हाडाचे झालेले नसतात, बराच भाग कूर्चा असतो. पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचं धड पट्ट्यांनी धरलं जातं आणि डोकं मात्र पुढे फेकलं जातं, सगळा ताण त्या मानेवर. मागे तोंड असेल तर तोच जोर डोकं, मान आणि पाठ अशा सगळ्यांवर सारखा पसरून सीटच्या टणक पाठीत जातो. म्हणून बाळ एक वर्षाचं झालं, आता त्याला पुढचं दिसू दे, असं करू नका. युरोपच्या आर१२९ नियमात, ज्याला आय-साइझ म्हणतात, १५ महिन्यांच्या आत पुढे तोंड करायची परवानगीच नाही, आणि अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ पासून वयाचा आकडाच काढून टाकलाय, त्या सीटची रिअर फेसिंगची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागेच ठेवा म्हणतात. पाय दुमडले जातात ते बघून आजोबांना वाईट वाटतं, पण मुलं तशीही मांडी घालूनच बसतात, त्याने काही बिघडत नाही.

कोणती घ्यायची यात मुख्य दोन प्रकार आहेत. एक बकेट सीट, वर हँडल असलेली, जन्मापासून साधारण १३ किलोपर्यंत, फक्त रिअर फेसिंग, बाळासकट उचलून नेता येते. दुसरी कन्व्हर्टिबल, जन्मापासून १८ किलोपर्यंत, आधी मागे तोंड करून आणि नंतर पुढे. तिसरी ० ते ३६ किलोवाली ऑल-इन-वन पण मिळते, पण सगळ्या वयांना चालणारी वस्तू तान्ह्या बाळाला नीट बसेलच असं नसतं, त्यात बसवून बाळाची हनुवटी छातीला टेकतेय असं दिसलं तर सोडून द्या. माझं मत विचाराल तर स्वतःची गाडी असेल आणि एकच सीट घ्यायची असेल तर कन्व्हर्टिबल घ्या, फक्त आत नवजात बाळासाठी काढता येणारी गादी आहे ना आणि खांद्याच्या पट्ट्या पुरेशा खाली येतात ना ते बघा. गाडी नसेल आणि ओला-उबरनेच फिरायचं असेल तर बकेट सीट बरी, ती गाडीच्या साध्या बेल्टने पटकन लागते आणि उचलायला हलकी असते.

किंमत पाच-सहा हजारांपासून ते चाळीस हजारांपर्यंत जाते. महाग सीटमध्ये कापड चांगलं, फिरवायची सोय, बाजूच्या धक्क्यासाठी जास्त पॅडिंग असं मिळतं, पण सात हजारांची प्रमाणित सीट घट्ट लावलेली असेल तर ती तीस हजारांच्या हलणाऱ्या सीटपेक्षा कितीतरी चांगली. प्रमाणित म्हणजे काय ते दुकानात उलटी करून बघा, सीटच्या मागे किंवा खाली नारिंगी स्टिकर चिकटवलेला असतो, त्यावर ईसीई आर४४/०४ किंवा आर१२९, गोलात ई आणि एक आकडा, आणि किती किलोपर्यंत की किती सेंटिमीटरपर्यंत ते लिहिलेलं असतं. भारताचं स्वतःचं मानक एआयएस-०७२ आहे. यातलं काहीच नसेल आणि नुसतं खोक्यावर मोठ्या अक्षरात सेफ्टी टेस्टेड छापलं असेल तर ठेवून द्या. ऑनलाइन हजार रुपयांच्या आत एक कापडी गादी मिळते, सीटला पट्ट्यांनी बांधायची, फोटोत मूल छान हसत असतं, ती कार सीट नव्हेच, तिला टणक पाठ नाही, कडा नाहीत, ती कृपा करून घेऊ नका. तसंच पोटाशी बांधायचं बेबी कॅरियर, कॅरी कॉट, झोळी यांपैकी काहीही कार सीटचं काम करत नाही.

आता इथे खरा वेळ घाला, कारण बहुतेक लोक सीट निवडतात आणि गाडी विसरतात. दुकानात जाताना ज्या गाडीत लावायची ती गाडी घेऊन जा आणि दुकानदाराला सांगा की खाली येऊन लावून दाखवा, मग पैसे देतो. चांगला दुकानदार येतो. ऑनलाइन मागवणार असाल तर परत करायची मुदत बघा आणि आली त्याच दिवशी लावून बघा, खोकं फेकू नका.

गाडीत काय बघायचं तर आधी आयसोफिक्स, म्हणजे कार सीट बेल्टशिवाय थेट गाडीला अडकवायची सोय, आहे का. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या फटीत हात घालून चाचपा, दोन लोखंडी कड्या लागतील, एकमेकींपासून २८ सेंटिमीटरवर, शेजारी छोटा टॅग किंवा खूण पण असते. हात घातला आणि काही लागलं नाही म्हणून गाडीत नाहीच असं समजू नका. आपल्याकडे गाडी घेतल्याबरोबर पहिलं काम म्हणजे सीट कव्हर, आणि त्या जाड लेदरेटच्या कव्हरखाली कड्या पार झाकून गेलेल्या असतात. कव्हर जिथून बसवलं तिथे किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला वगैरे नेऊन बरोबर त्या जागी चीर पाडून शिवून घेता येते, दहा मिनिटांचं काम आहे, घरी कात्रीने कापू नका, ते उसवत जातं. कव्हर फार गुळगुळीत आणि फुगीर असेल तर मागची एक बाजू सरळ काढून टाकलेली बरी, सीट त्यावर सरकते.

दुसरं, बेल्टची लांबी. छोट्या हॅचबॅकमध्ये हा प्रॉब्लेम फार येतो. बकेट सीट बेल्टने लावताना कमरेचा भाग बाळाच्या पायांवरून आणि खांद्याचा भाग सीटच्या पाठीमागून फिरवून आणायचा असतो, त्याला बेल्ट भरपूर लागतो, आणि काही गाड्यांत तो बरोब्बर चार बोटं कमी पडतो. एक्स्टेन्शन लावून काम भागवू नका, त्या गाडीत ती सीट बसत नाही एवढाच त्याचा अर्थ, दुसरी बघा. बेल्टचं बकल ज्या दांड्यावर असतं तो दांडा लांब असेल आणि बकल सीटच्या कडेवर येऊन टेकत असेल तरी नको, धक्क्यात ते बकल कडेवर वाकून उघडू शकतं.

तिसरं, पुढच्या सीटमागची जागा. रिअर फेसिंग सीट मागच्या बाजूला तिरकी झुकते आणि पुढच्या सीटला जाऊन भिडते, मग पुढे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला. घरातला सर्वात उंच माणूस पुढे बसवूनच हे तपासा. आणि गाडी सीएनजी असेल, मुंबईत बऱ्याच असतात, तर डिकीतली टाकी कुठवर येते ते बघा, कारण पुढे तोंड करून लावताना वरचा पट्टा, म्हणजे टॉप टेदर, सीटच्या पाठीमागच्या हुकात अडकवावा लागतो आणि बाहेरून बसवलेल्या टाकीमुळे काही गाड्यांत तिथे हातच पोचत नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये कोणत्या जागेवर कोणती चाइल्ड सीट चालते याचं कोष्टक असतं, ते दोन मिनिटं काढून वाचा. नवीन गाडी घ्यायच्या विचारात असाल तर भारत एनकॅपचा, म्हणजे गाड्या आदळवून घेतात त्या सुरक्षा चाचणीचा, निकाल बघताना मोठ्यांचे स्टार वेगळे आणि मुलांचे वेगळे असतात, मुलांचे गुण ४९ पैकी दिलेले असतात, तो आकडा बघा. ही चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आहे.

सीट कुठे लावायची? मागे. पुढच्या सीटवर रिअर फेसिंग सीट कधीच नाही, समोरची एअरबॅग फुटली तर ती थेट बाळाच्या डोक्यामागे असलेल्या सीटच्या पाठीवर आदळते आणि त्याने बाळाचा जीव जाऊ शकतो. मागे मधली जागा कागदावर सर्वात सुरक्षित, कारण बाजूच्या धक्क्यापासून लांब, पण आपल्या बऱ्याच गाड्यांत मधे उंचवटा असतो, आयसोफिक्स नसतं, जुन्यांत फक्त कमरेचा बेल्ट असतो, तिथे सीट डगमगते. मग मागची डावी बाजू घ्या. आपण डाव्या बाजूने चालवतो त्यामुळे ते दार फुटपाथकडे उघडतं, बाळाला काढताना तुमच्या मागून बाइक आणि रिक्षा जात नाहीत, शिवाय ड्रायव्हिंग करणाऱ्याला जरा मान वळवून बाळ दिसतं.

लावताना गाडी सपाट जागी उभी करा. हे सांगतोय कारण आपल्या सोसायट्यांचं पार्किंग पोडियमच्या उतारावर नाहीतर रॅम्पवर असतं आणि तिथे सीटचा कोन चुकीचा दिसतो.

बेल्टने लावताना सीटवर ज्या खुणा आहेत त्यातूनच बेल्ट न्यायचा, रिअर फेसिंगचा मार्ग निळा आणि फॉरवर्डचा लाल असतो, उलटसुलट करू नका. बेल्ट पूर्ण ओढून काढा, निळ्या खाचांतून फिरवा, पीळ पडू देऊ नका, बकलमध्ये खट्ट करून बसवा. मग एका हाताने, कन्व्हर्टिबल असेल तर गुडघ्याने, सीटवर सगळा भार द्या आणि दुसऱ्या हाताने आधी कमरेचा भाग खांद्याच्या दिशेने ओढा, मग खांद्याचा भाग वर ओढत रिळात सोडत जा. भार देत ओढा, ओढत भार द्या, असं दोन-तीनदा केल्यावर सीट गाडीच्या गादीत रुतल्यासारखी दिसते, तेव्हा ती नीट लागली. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा बेल्ट झटका बसल्यावरच लॉक होतो, एरवी तो सैल सुटत राहतो, त्यामुळे सीटला बेल्ट दाबून धरणारी स्वतःची क्लिप असेल तर ती लावायलाच हवी.

आयसोफिक्सला एवढा घाम गाळावा लागत नाही. दोन्ही दांडे कड्यांत घाला, दोन वेगळे खट्ट आवाज यायला हवेत, दोन्हीकडची हिरवी खूण दिसायला हवी, एकच हिरवी म्हणजे लागलेली नाही. पण आयसोफिक्स म्हणजे नुसते दोन दांडे नव्हेत, तिसरा आधारही असतो, टॉप टेदर किंवा जमिनीवर टेकणारा पाय, तुमच्या सीटला जो दिलाय तो वापरायचाच. टेदर लावताना डिकीतल्या सामान बांधायच्या हुकाला लावू नका, टेदरच्या खऱ्या जागेवर जहाजाच्या नांगराचं चित्र असतं. आणि सपोर्ट लेगवाली सीट असेल तर त्या पायाखालची जाड फुगीर मॅट काढा, ती जी गुळगुळीत पेटीसारखी सगळीकडे लावतात, तिच्याखाली पोकळी राहते आणि पाय टेकल्यासारखा वाटतो पण टेकलेला नसतो. जमिनीत सामानाचा कप्पा असलेल्या गाडीत त्या झाकणावर पाय टेकवू नका.

झालं की तपासा. जिथून बेल्ट किंवा दांडे जातात त्या जागी सीट धरून डावी-उजवी, पुढे-मागे हलवा. तिथे एका इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. सीटच्या डोक्याकडचा भाग धरून हलवलात तर तो थोडा हलणारच, त्यावरून ठरवू नका. मग कोन, सीटच्या बाजूला एक रेघ किंवा बुडबुडा असतो, ती रेघ जमिनीला समांतर आली पाहिजे. फार उभी झाली तर झोपेत बाळाची मान पुढे पडते आणि हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो, फार आडवी झाली तर धक्क्यात बाळ वर सरकतं.

आता बाळ बसवायचं. आपल्याकडे तान्हं बाळ म्हणजे दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं, वर कुंची, आणि तसंच सीटमध्ये ठेवतात. तसं चालणार नाही, पाच पट्ट्यांतली मधली पट्टी दोन पायांच्या मधून यायला हवी, म्हणजे पाय मोकळे हवेत. झबलं-चड्डी किंवा पातळ पायाचा सूट घाला, बाळाची पाठ आणि ढुंगण सीटला पूर्ण टेकवा, खांद्याच्या पट्ट्या रिअर फेसिंगमध्ये खांद्याच्या बरोबरीने किंवा जरा खालून आल्या पाहिजेत, पुढे तोंड झाल्यावर खांद्याच्या बरोबरीने किंवा वरून. कमरेकडची ढील आधी वर खेचा, मग पुढचा पट्टा ओढून घट्ट करा. गळ्याजवळच्या हाडाच्या तिथे पट्टी उभी चिमटीत धरायचा प्रयत्न करा, चिमटीत घडी आली तर अजून ओढा, बोटं नुसती घसरली तर बरोबर. सगळं झाल्यावर दुपटं वरून पांघरा, एसी जास्त असेल तर. बाळ खूप लहान असेल आणि डोकं एका बाजूला कलत असेल तर डोक्याच्या दोन्ही बाजूंना लंगोटाच्या गुंडाळ्या ठेवा, पण पाठीमागे किंवा खाली उशी, गादी, सीटसोबत न आलेलं काहीही नको. दिवस भरायच्या आधी झालेलं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांना विचारा की हे अर्धवट बसलेल्या स्थितीत नीट श्वास घेतं का, हॉस्पिटलमध्ये बाळाला सीटमध्ये ठेवून ते तपासता येतं.

पहिले प्रवास तसे छोटेच असतात, घरी यायचा, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसींचे. पण बाळंतीण माहेरी नाशिक-पुण्याला जाणार असेल तर तासा-दीड तासाने थांबायचा हिशोब धरूनच निघा, दोन तासांच्या वर सलग सीटमध्ये ठेवू नका, तान्ह्याला तर त्याहून लवकर बाहेर काढा. निघायच्या आधी दूध पाजून, ढेकर काढून, लंगोट बदलून घ्या. रस्त्यात रडायला लागलं तर एक्स्प्रेसवेच्या कडेला थांबू नका, पुढच्या फूड मॉलपर्यंत जा, मागे शेजारी बसलेल्या माणसाने हात धरावा, गाणं म्हणावं, पण गाडी चालू असताना बाळाला बाहेर काढायचं नाही म्हणजे नाही. सर्वात कठीण काम हेच आहे, रडणं ऐकवत नाही, आजीचा जीव वरखाली होतो, पण एकदा काढलं की बाळालाही कळतं की रडलं की सुटका होते. पोचल्यावर सीटमध्ये झोपलेलं बाळ तसंच घरात झोपायला ठेवू नका, काढून सपाट जागी पाठीवर झोपवा.

एप्रिल-मेमध्ये उघड्यावर उभी केलेली गाडी भट्टीसारखी तापते आणि बकलचं लोखंड बाळाच्या मांडीला चटका देतं. पार्क करताना सीटवर पांढरी चादर टाका, बसवायच्या आधी बकलला स्वतःचा हात लावा. आणि बाळाला गाडीत एकटं ठेवून दोन मिनिटंही जाऊ नका, एटीएमपुरतंसुद्धा नाही, सावलीत नाही, काच खाली करून नाही. मागच्या काचेजवळच्या फळीवर छत्री, पाण्याची स्टीलची बाटली, लॅपटॉप ठेवू नका, धक्क्यात ते सगळं बाळाच्या दिशेने येतं.

कॅबचं काय करायचं? बकेट सीट घेऊन खाली उतरा, ड्रायव्हरला आधीच फोन करून सांगा की बाळाची सीट लावायची आहे, पाच मिनिटं लागतील. बहुतेक दादा समजून घेतात, स्वतः हात लावतात. अडचण एवढीच की बऱ्याच कॅबमध्ये मागचे बेल्ट कव्हरखाली दाबलेले असतात, बकल सीटच्या फटीत आत गेलेलं असतं, ते खेचून काढावं लागतं, आणि नाहीच निघालं तर ती राइड सोडून दुसरी बोलवा. रिक्षात कार सीट लावायला काही आधारच नाही, त्यामुळे तान्ह्याला घेऊन लांब जायचं असेल तर रिक्षापेक्षा कॅब बघा.

जुनी सीट घ्यायची का, तर बहिणीची असेल, एकदाही अपघात झालेला नसेल आणि मॅन्युअल असेल तर जरूर घ्या. अनोळखी माणसाकडून नको, कारण अपघातात सापडलेली सीट वरून धडधाकट दिसते पण आतून प्लास्टिकला तडा गेलेला असू शकतो. बऱ्याच सीटवर मुदत छापलेली असते, साधारण सहा ते दहा वर्षं, ती उलटून गेलेली चालत नाही. आपल्याही गाडीला जोराचा अपघात झाला तर सीट बदला, बाळ त्यात बसलेलं नसलं तरी.

डोक्याचा वरचा भाग सीटच्या कडेच्या जवळ आला, दोन बोटंही अंतर उरलं नाही, की बकेट सीट संपली. कन्व्हर्टिबलची मागे तोंडाची मर्यादा संपली की मग पुढे, आणि १८ किलोंच्या पुढे उंच पाठीचा बूस्टर, तो साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत, म्हणजे गाडीचा बेल्ट मानेवर न येता खांद्याच्या मधून जायला लागेपर्यंत. चौथीतलं मूल बूस्टरवर बसायला कुरकुर करतं, तरी बसवा.

पावसाळ्यात सीटच्या कापडाला बुरशी धरते, विशेषतः दूध सांडलेलं असेल तर. कापड काढून हाताने धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा, पण पट्ट्या साबणात भिजवू नका, ब्लीच तर अजिबात नाही, त्याने विणीची ताकद जाते, ओल्या फडक्याने पुसायच्या. बकलमध्ये बिस्किटाचा चुरा अडकून ते अर्धवट बसतं, ते उलटं करून झटका, कोमट पाण्याने धुऊन वाळवा, तेल घालू नका. काढायच्या आधी पट्ट्या कशा ओवलेल्या आहेत त्याचे मागून-पुढून मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि परत लावल्यावर त्या फोटोशी ताडून, पीळ नाही ना बघून, सीट पुन्हा एकदा हलवून बघा.